यंत्र स्वस्त, गेम महाग: पीसी आणि कन्सोल यांच्यातील बदलते गणित

गेमिंगसाठी पीसी चांगला की कन्सोल, हा वाद बहुतेक वेळा प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि पडद्यावर सेकंदाला किती चित्रे उमटतात यांवर येऊन थांबतो. या तांत्रिक बाबी महत्त्वाच्या आहेतच. पण गेल्या चाळीस वर्षांत लोकप्रियतेचे पारडे कधी पीसीकडे तर कधी कन्सोलकडे का झुकत गेले, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही. महागड्या पीसीच्या तुलनेत कन्सोल बहुधा दुबळाच असे, तरीही अनेक वर्षे बाजारात त्याचीच सरशी होती. उलट २०२० नंतर ग्राफिक्स कार्डांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्या, नेमक्या त्याच काळात पीसीवर खेळणाऱ्यांची गर्दी वाढत गेली. ‘स्टीम’ या पीसी गेमच्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन दुकानात एकाच वेळी हजर असलेल्यांचा आकडा मार्च २०२० मध्ये २ कोटींवर, ऑक्टोबर २०२२ मध्ये ३ कोटींवर आणि मार्च २०२५ मध्ये ४ कोटींवर गेला. हा विरोधाभास उलगडायचा असेल तर दोनच प्रश्न विचारावे लागतात: यंत्राची किंमत कोण सोसतो, आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागचा हिस्सा कोणाच्या खिशात जातो?

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून फक्त गेम खेळण्यासाठी एकाच कंपनीने घडवलेले यंत्र. सोनीचे प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचे स्विच ही आजची तीन मोठी नावे आहेत. त्यात कोणता भाग असावा, त्यावर कोणता गेम चालावा आणि तो कोणत्या दुकानातून विकला जावा, हे सर्व ती कंपनीच ठरवते. पीसीचा असा कोणी एक मालक नसतो. प्रोसेसर एकाचा, ग्राफिक्स कार्ड दुसऱ्याचे, विंडोज तिसऱ्याचे आणि गेम विकणारे दुकान चौथ्याचे. या दोघांहून मोठा तिसरा गडी मोबाइल आहे. जगभरातील गेमिंगच्या उलाढालीचा सुमारे निम्मा भाग एकट्या मोबाइलकडे जातो आणि उरलेल्या निम्म्यात कन्सोलचा वाटा पीसीपेक्षा थोडा मोठा आहे. मोबाइलचा विषय स्वतंत्र आहे. येथे उरलेल्या निम्म्याचाच विचार करू.

कन्सोलचा धंदा समजून घेण्यासाठी २००३ सालचा भारतीय मोबाइल बाजार आठवावा. तेव्हा रिलायन्सने सुरुवातीला अवघे ५०१ रुपये घेऊन हँडसेट हातात दिला होता आणि उरलेली वसुली पुढच्या मासिक बिलांतून व्हायची होती. कन्सोलचे गणित याच जातीचे आहे. यंत्र तोट्यात किंवा जेमतेम खर्च निघेल अशा किमतीला विकायचे आणि नंतर त्यावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधून, साधारणपणे किमतीच्या ३० टक्के, आपला वाटा काढून घ्यायचा. त्यावर ऑनलाइन खेळण्याचे वेगळे वर्गणीशुल्कही असते. मे २०२१ मध्ये एपिक ही गेम कंपनी आणि ॲपल यांच्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने एक्सबॉक्स हे यंत्र तोट्यातच विकले जाते, अशी साक्ष दिली होती. सोनीने तर २००६ मध्ये याची परिसीमा गाठली. प्लेस्टेशन ३ उघडून आतील एकेका भागाची किंमत मोजणाऱ्या आयसप्लाय या संस्थेचा अंदाज असा होता की, ४९९ डॉलरला विकल्या जाणाऱ्या स्वस्त आवृत्तीवर सोनीचा खर्च ८०० डॉलरच्या वर जात होता.

या व्यवस्थेचा कच्चा दुवा कोठे आहे, हे एका प्रसंगाने फार छान उघड केले. सुरुवातीच्या प्लेस्टेशन ३ वर लिनक्स ही संगणकाची मुक्त कार्यप्रणाली टाकण्याची सोय सोनीनेच दिलेली होती. त्यातील ‘सेल’ प्रोसेसर आकडेमोडीत विलक्षण वेगवान होता आणि त्या ताकदीचे दुसरे कोणतेही यंत्र त्या किमतीत मिळत नव्हते. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने हे ओळखले आणि न्यूयॉर्क राज्यातील रोम या गावी सुमारे १,७६० प्लेस्टेशन ३ एकमेकांना जोडून २०१० मध्ये ‘कॉन्डर’ नावाचा महासंगणक उभा केला. हवाई दलाच्या दृष्टीने तो स्वस्तात झालेला उत्तम सौदा होता. सोनीच्या दृष्टीने मात्र ती गिऱ्हाइके एकही गेम विकत न घेणारी होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोनीने सुरक्षेचे कारण देऊन लिनक्सची सोय काढून टाकली. यंत्र स्वस्तात द्यायचे असेल तर ते कुलूपबंदच ठेवावे लागते. कन्सोलचा स्वस्तपणा आणि त्याची बंदिस्त रचना या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, पहिली दुसरीच्या आधारावरच उभी आहे. पुढचा सर्व इतिहास या एका सूत्राने वाचता येतो.

हे कुलूप प्रथम नीट बसवले ते निन्टेन्डोने. १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता, कारण अटारी या तेव्हाच्या आघाडीच्या कंपनीच्या यंत्रासाठी कोणीही उठावे, गेम बनवावा आणि विकावा अशी स्थिती झाली होती. निकृष्ट गेमच्या ढिगाऱ्यात दुकानदार आणि ग्राहक दोघांचाही विश्वास उडाला. दोन वर्षांनी निन्टेन्डो अमेरिकेत उतरली ती यंत्रात एक पडताळणीची चिप घालूनच. कंपनीची परवानगी असलेली कॅसेटच त्या यंत्रात चालायची, आणि परवानगी हवी असेल तर निन्टेन्डोच्या अटी व तिचा हिस्सा मान्य करावा लागायचा. युरोपात मात्र त्या काळी झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ यांसारखे घरगुती संगणकच गेमसाठी वापरले जात असल्याने अमेरिकेतील पडझडीची झळ तिकडे फारशी लागली नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जे ‘टीव्ही व्हिडिओ गेम’ आले, ते बहुतांशी याच निन्टेन्डोच्या जपानी यंत्राच्या नकला होत्या. जपानी मूळ यंत्रात ती चिप नव्हती, म्हणून एका पिवळ्या कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याची जाहिरात करून त्या बिनदिक्कत विकता येत होत्या. महाराष्ट्रातील एका अख्ख्या पिढीची कन्सोलशी ओळख अशी, कुलूप नसलेल्या मार्गाने झाली.

नव्वदच्या दशकात पीसीही मागे नव्हता. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या ‘डूम’ या गेमचा पहिला भाग फुकट वाटला गेला. आवडला तर पुढचे भाग विकत घ्या, अशी ती पद्धत होती. ना कोणाची परवानगी, ना कोणाचा हिस्सा. कन्सोलच्या जगात असे काही कल्पनेतही बसले नसते. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स या कंपनीचे ‘व्हूडू’ ग्राफिक्स कार्ड आले आणि पीसीवरील चित्रांचा दर्जा कन्सोलच्या पुष्कळ पुढे गेला. पण हे सुख खर्चिक आणि कटकटीचे होते. दोन वर्षांत कार्ड जुने व्हायचे, गेम नीट लागण्यासाठी ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्राम शोधावे लागायचे. याउलट २००० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन २ मध्ये डिस्क घातली की गेम सुरू होत असे, शिवाय त्यावर डीव्हीडीवरचे चित्रपटही पाहता येत. त्याची किंमत २९९ डॉलरवरून उतरत उतरत २००९ मध्ये ९९ डॉलरवर आली आणि एकूण विक्री १६ कोटींच्या वर गेली.

त्यानंतरची काही वर्षे पीसी गेमिंगला खरोखरच ओहोटी लागली होती. ‘हेलो’ हा गेम १९९९ मध्ये ॲपलच्या मेळाव्यात मॅकिंटॉशसाठी म्हणून दाखवला गेला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी बंजी ही कंपनी विकत घेतली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये तो पहिल्या एक्सबॉक्सचा हुकमी एक्का झाला. बंदुकीचे गेम माउसशिवाय खेळताच येत नाहीत, हा समज त्याने मोडीत काढला. त्यातच पीसीवर चोरीच्या प्रतींचा सुळसुळाट होता. पदपथावर वर्तमानपत्र अंथरून मांडलेल्या सीडी मुंबई-पुण्यातील वाचकांना वेगळ्याने सांगायला नकोत. अमेरिकेतील दुकानांत पीसीच्या गेमसाठी असलेली मांडणी आक्रसत गेली, आणि २००८ मध्ये तर पीसी गेमिंगला सावरण्यासाठी बड्या कंपन्यांना एकत्र येऊन ‘पीसी गेमिंग अलायन्स’ स्थापन करावी लागली.

मात्र ही ओहोटी जगभर नव्हती. दक्षिण कोरिया आणि चीन या दोन देशांत पीसीचे वर्चस्व अबाधित राहिले, आणि त्यामागे लोकांच्या आवडीनिवडीपेक्षा सरकारी धोरणाचा हात मोठा होता. कोरियात जपानी मालाच्या आयातीवर १९९९ पर्यंत निर्बंध होते. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर नोकरी गमावलेल्या अनेकांनी ‘पीसी बांग’ म्हणजे तासावर संगणक देणारी केंद्रे उघडली, सरकारने वेगवान इंटरनेटचे जाळे पसरवले आणि नेमक्या त्याच सुमारास, १९९८ मध्ये, ‘स्टारक्राफ्ट’ हा पीसी गेम आला. प्लेस्टेशन २ कोरियात अधिकृतपणे पोहोचेपर्यंत २००२ उजाडले होते आणि तोवर तेथील मुलांचे मित्रमंडळ पीसी बांगमध्ये जमलेले होते. चीनने २००० मध्ये मुलांवरील परिणामांचे कारण देऊन कन्सोलच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घातली. ती २०१४ मध्ये सैल झाली आणि २०१५ मध्ये देशभर उठली. पंधरा वर्षांत एक पूर्ण पिढी कन्सोलशिवाय वाढली. आज स्टीमच्या भाषांच्या पाहणीत इंग्रजीबरोबर चिनी भाषा सतत वर असते ती त्यामुळेच. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ हा चिनी गेम आला, तेव्हा एकट्या स्टीमवर एकाच वेळी २४ लाखांहून अधिक लोक तो खेळत होते.

पीसीला पुन्हा उभारी कशाने आली, असे विचारल्यास मी ग्राफिक्स कार्डाआधी दुकानाचे नाव घेईन. गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन या मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या दोघांनी १९९६ मध्ये ‘व्हॉल्व्ह’ ही कंपनी काढली होती. तिने सप्टेंबर २००३ मध्ये ‘स्टीम’ सुरू केले ते प्रामुख्याने स्वतःच्या गेमना इंटरनेटवरून अद्ययावत ठेवण्यासाठी. पुढच्या वर्षी ‘हाफ-लाइफ २’ खेळायचा असेल तर स्टीम घ्यावेच लागेल अशी सक्ती झाली, तेव्हा खेळणाऱ्यांनी तिला नाके मुरडली. डिस्क विकत घेऊनही गेम चालवण्यापूर्वी इंटरनेट का लागावे, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. पण हळूहळू चित्र पालटले. २००५ पासून इतर कंपन्यांचे गेमही तेथे विकले जाऊ लागले, घसघशीत सवलतींचे हंगामी सेल सुरू झाले, संगणक बदलला तरी आपल्या खात्यातील गेम जसेच्या तसे परत मिळू लागले, आणि २०१५ पासून खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत व दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करण्याची सोय झाली. चोरी ही मुळात किमतीची नव्हे तर सेवेची अडचण आहे, चोरापेक्षा चांगली सेवा दिली तर लोक पैसे मोजतात, ही न्यूएल यांची भूमिका होती. भारतात स्टीमवर रुपयांत किमती दिसू लागल्यावर आणि सेलमध्ये नामांकित गेम काहीशे रुपयांत मिळू लागल्यावर पदपथावरील सीडीचा धंदा कसा ओसरला, हे ज्यांनी पाहिले त्यांना ही भूमिका पटण्यास अडचण पडू नये.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. स्टीमही विकणाऱ्याकडून मुळात ३० टक्केच घेते, मग कन्सोलच्या दुकानात आणि यात फरक तो काय? फरक मक्तेदारीचा आहे. प्लेस्टेशनवर डिजिटल गेम विकायचा तर सोनीच्या दुकानाला पर्याय नाही. पीसीवर मात्र दुसरे दुकान उघडायला कोणाचीही आडकाठी नाही. डिसेंबर २०१८ मध्ये एपिकने केवळ १२ टक्के घेणारे दुकान उघडले. त्याच्या काही दिवस आधी व्हॉल्व्हनेही मोठ्या विक्रीच्या गेमसाठी आपला वाटा २५ आणि २० टक्क्यांपर्यंत उतरवला होता. पोलंडमधील ‘गॉग’ २००८ पासून जुने गेम कुलूप न लावता विकते. इतकेच नव्हे, तर स्टीमवर चालणाऱ्या गेमच्या ‘की’ म्हणजे सांकेतिक क्रमांक निर्मात्याला बाहेर विकता येतात आणि त्या विक्रीवर व्हॉल्व्ह काहीही घेत नाही. शिवाय पीसीवर इतरांशी ऑनलाइन खेळण्यासाठी दुकानाला वर्गणी द्यावी लागत नाही, तर प्लेस्टेशनवर २०१३ पासून आणि एक्सबॉक्सवर त्याच्याही आधीपासून, काही फुकट गेम सोडले तर, ती द्यावीच लागते. म्हणजे पीसी घेताना यंत्रासाठी पूर्ण किंमत मोजावी लागते, पण पुढची पाच-सात वर्षे प्रत्येक गेममागे थोडे थोडे वाचत जाते. जो वर्षाला दोनच मोठे गेम घेतो त्याला कन्सोल परवडतो. जो वीस गेम चाळून पाहतो त्याला पीसी.

२०१३ हे वर्ष या कथेत फार मोलाचे आहे. त्या नोव्हेंबरात आलेल्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्ही यंत्रांत एएमडी या चिप कंपनीने बनवलेले, पीसीच्याच घराण्यातील प्रोसेसर होते. प्लेस्टेशन ३ साठी लिहिलेला गेम पीसीवर आणणे म्हणजे त्याचा मोठा भाग नव्याने लिहिणे असे; आता ते काम कितीतरी सोपे झाले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन इंटरनेटला नियमित जोडलेला असावा आणि वापरलेल्या डिस्कच्या विक्रीवर बंधने असावीत, असे जाहीर करून खेळणाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. सोनीने डिस्क मित्राला कशी द्यावी हे दाखवणारी काही सेकंदांची चित्रफीत प्रसिद्ध केली, ज्यात एक जण दुसऱ्याच्या हातात डिस्क ठेवतो आणि चित्रफीत संपते. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. पण व्हायचे ते नुकसान झाले होते. फिल स्पेन्सर यांनी एक्सबॉक्सचे प्रमुख या नात्याने २०२३ मध्ये कबूल केले की, कन्सोलची जी पिढी हरायला नको होती नेमकी तीच आपण हरलो, कारण त्या पिढीत लोकांनी आपापले डिजिटल गेमसंग्रह उभे केले. डिस्कच्या काळात नवे यंत्र घेताना जुन्याचा मोह सोडणे सोपे होते. खात्यात शंभर गेम साठलेला माणूस मात्र त्या खात्याशी बांधला जातो. पीसीवरील संग्रहाचे वैशिष्ट्य असे की तो यंत्राबरोबर जुना होत नाही. २००५ साली स्टीमवर घेतलेले बहुतेक गेम आजच्या संगणकावरही उतरवता येतात. गेमकडे संस्कृतीचा ठेवा म्हणून पाहणाऱ्या माझ्यासारख्याला ही बाब सर्वांत मोलाची वाटते.

मग आपल्याच यंत्रासाठी राखून ठेवलेले गेम कन्सोल कंपन्यांनी पीसीवर का आणले? याचे उत्तर एका न्यायालयीन कागदात सापडते. जून २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात सोनीने काही कागदपत्रे दिली. त्यांतील गुप्त आकडे काळ्या मार्करने खोडलेले होते, पण कागद स्कॅन झाल्यावर शाईखालचा मजकूर वाचता येत होता. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ ला सुमारे २२ कोटी डॉलर आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ ला सुमारे २१.२ कोटी डॉलर खर्च आला होता. एवढा पैसा केवळ आपल्या यंत्राच्या मालकांकडून वसूल करणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे. म्हणून ऑगस्ट २०२० मध्ये ‘होरायझन झीरो डॉन’ पीसीवर आला, २०२२ मध्ये ‘गॉड ऑफ वॉर’ आणि ‘स्पायडर-मॅन’ आले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’ तर दोन्हीकडे एकाच दिवशी. मायक्रोसॉफ्ट त्याहून पुढे गेली. तिने आधी आपले सर्व गेम पीसीवर द्यायला सुरुवात केली आणि २०२४ पासून काही गेम थेट प्रतिस्पर्ध्याच्या प्लेस्टेशनवरही विकायला काढले. एप्रिल २०२५ मध्ये ‘फोर्झा होरायझन ५’ तेथे पोहोचला, आणि ज्या ‘हेलो’च्या बळावर एक्सबॉक्स उभा राहिला त्याची नवी आवृत्तीही प्लेस्टेशन ५ वर येणार असल्याचे ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाले.

याच काळात कन्सोलच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दाही डळमळीत झाला. पूर्वी चिप बनवण्याचे तंत्र दर दोन-तीन वर्षांनी इतके सुधारायचे की तेच यंत्र कमी खर्चात तयार होई, आणि किंमत उतरली की मध्यमवर्गीय घरे खरेदीसाठी पुढे येत. प्लेस्टेशन ३ (त्याची महागडी आवृत्ती) तीन वर्षांत ५९९ वरून २९९ डॉलरवर आला तो असाच. आता अत्याधुनिक चिप बनवणे उलट महाग होत चालले आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ४९९ डॉलरला आलेला प्लेस्टेशन ५ अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ डॉलरच्या पुढे गेला. एक्सबॉक्स सिरीज एक्स ४९९ वरून वर्षभरात दोनदा वाढून ६४९ वर पोहोचला. भारतात प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि पुढच्या वर्षी ५४,९९० चा झाला. पाच वर्षे जुने यंत्र ते नवे होते तेव्हापेक्षा महाग मिळावे, हे कन्सोलच्या इतिहासात फारसे घडले नव्हते. पीसीवाल्यांनाही यात सुख नाही. आधी क्रिप्टो चलनाच्या खाणकामाने ग्राफिक्स कार्डे पळवली; इथेरियम या क्रिप्टो चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये खाणकामाची पद्धत सोडल्यावर तो ताप निवळला, तोच कृत्रिम बुद्धिमत्तेची मागणी आली. एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्ड कंपनीचे सर्वांत वरचे कार्ड जानेवारी २०२५ मध्ये १,९९९ डॉलरला जाहीर झाले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस डेटा सेंटरनी मेमरीचा साठा उचलल्यामुळे रॅमच्या किमतीही भडकल्या. तुटपुंज्या बजेटमध्ये खेळणाऱ्या मुलांसाठी मला हा काळ चिंतेचा वाटतो, कारण स्वस्त कन्सोल हे त्यांचे हक्काचे दार होते आणि तेच अरुंद होत आहे.

पीसीच्या मोकळेपणाची किंमत पैशांखेरीज इतर रूपांतही मोजावी लागते, आणि ती जवळून पाहिली तर कन्सोल आजही इतक्यांना का आवडतो ते कळते. पडद्यावरील पाणी, धूर, सावली, चामड्याची चमक या प्रत्येकासाठी गेममध्ये ‘शेडर’ नावाचे छोटे प्रोग्राम असतात आणि ते ग्राफिक्स चिपला समजेल अशा भाषेत आधी रूपांतरित करावे लागतात. प्लेस्टेशन ५ मधील चिप सर्वांकडे सारखीच असल्यामुळे हे रूपांतर निर्मात्याला आधीच करून ठेवता येते. पीसीवर मात्र कोणाकडे कोणते कार्ड आणि कोणता ड्रायव्हर आहे हे निर्मात्याला आधी ठाऊक नसते, म्हणून ते काम खेळणाऱ्याच्या संगणकावरच होते. ते सुरुवातीलाच उरकले तर वाट पाहावी लागते. खेळता खेळता केले तर नेमके नवे दार उघडताना किंवा पहिला स्फोट होताना चित्र क्षणभर अडखळते. मार्च २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ पीसीवर आला तेव्हा शेडर तयार होण्यास लागणाऱ्या वेळेने आणि त्यानंतरच्या अडखळण्याने ग्राहक वैतागले होते. २०१५ मध्ये ‘बॅटमॅन: अर्कहम नाइट’ची पीसी आवृत्ती तर इतकी सदोष निघाली की ती काही महिने विक्रीतूनच काढून घ्यावी लागली. कन्सोललाही अशा नामुष्कीपासून पूर्ण संरक्षण नाही. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ जुन्या प्लेस्टेशन ४ वर इतका वाईट चालला की सोनीने तो आपल्या दुकानातून हटवला. तरीही एकंदरीत पाहता, दिवसभराच्या कामानंतर सोफ्यावर बसून तासभर निर्धास्त खेळायचे असेल तर कन्सोलइतकी खात्री दुसरे कोणी देत नाही.

आणि सगळेच कन्सोल पीसीपुढे नमलेले नाहीत. निन्टेन्डो आपला एकही मोठा गेम पीसीवर देत नाही, ताकदीच्या शर्यतीत उतरत नाही आणि यंत्र शक्यतो तोट्यात विकत नाही. तरी तिच्या स्विचची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली आणि जून २०२५ मधील स्विच २ चार दिवसांत ३५ लाख विकला गेला. सोनीचा प्लेस्टेशन ५ही आठ कोटींचा टप्पा ओलांडून गेला आहे. ज्याची सर्वाधिक वाट पाहिली जात आहे तो ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ जाहीर वेळापत्रकानुसार आधी कन्सोलवरच येणार आहे. मागचा भागही कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये आला होता. दुसरीकडे कन्सोलचे माहेरघर असलेल्या जपानमधील कॅपकॉम या गेम कंपनीने पीसी हेच आपले मुख्य व्यासपीठ करण्याचा मनोदय २०२१ मध्येच बोलून दाखवला.

भारतात मोबाइल वगळता उरलेल्या बाजारात पीसीकडे कल असण्याचे कारण आपल्या घरांच्या रचनेत आहे. संगणक अभ्यासासाठी म्हणून मागता येतो, कन्सोल मागताना ती सबब चालत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन एकेक भाग निवडत, मशीन असेंबल करून घेण्याची सवयही जुनी आहे; आज साधे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे, पुढच्या दिवाळीला बदलायचे, कॅबिनेट आणि एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) तोच ठेवायचा, अशी हप्त्याहप्त्याने वाढणारी खरेदी कन्सोलमध्ये शक्य नसते. उलट बाजूने, पाच हजारांच्या घरातला प्लेस्टेशनचा नवा गेम खेळून झाल्यावर त्याची डिस्क निम्म्याहून अधिक किमतीला पुढे विकता येते, ही सोय पीसीच्या डिजिटल दुकानात नाही आणि काटकसरी घरांत ती मोठी ठरते. गेम बनवणाऱ्यांसाठी मात्र हा भेद पुसट होत आला आहे. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने केलेला ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आणि दोन महिन्यांतच पीसी, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर आला. अनरिअलसारख्या तयार इंजिनामुळे, म्हणजे गेम बनवण्याच्या तयार साधनसंचामुळे, पुण्यातील छोट्या संघालाही चारही दारे ठोठावता आली.

आता पीसी आणि कन्सोल यांच्यातील सीमारेषेवरच नवी यंत्रे उभी राहत आहेत. व्हॉल्व्हने फेब्रुवारी २०२२ मध्ये हातात धरून खेळायचा ‘स्टीम डेक’ ३९९ डॉलरपासून पुढे विकायला काढला. तो कन्सोलसारखा चालू होतो, पण आतून लिनक्सवर चालणारा पूर्ण पीसी आहे आणि विंडोजसाठी लिहिलेले हजारो गेम ‘प्रोटॉन’ नावाच्या दुभाष्याच्या मदतीने चालवतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सच्या नावाने बाजारात आलेले हातातले यंत्र एसुस या संगणक कंपनीने बनवलेले आहे आणि त्यात विंडोज आहे. पुढच्याच महिन्यात व्हॉल्व्हने टीव्हीखाली ठेवण्याजोगा ‘स्टीम मशीन’ जाहीर केला, पण किंमत सांगितली नाही. तेवढ्याच ताकदीचा पीसी जोडायला जो खर्च येतो त्याच्या आसपास ती असेल आणि यंत्र तोट्यात विकले जाणार नाही, एवढे मात्र स्पष्ट केले. त्याचे कारण उघड आहे. या पेटीवर कोणतेही कुलूप नसल्यामुळे ती खर्चाहून कमी किमतीत दिली, तर एखादे कार्यालय शेकड्याने उचलून नेईल आणि त्यांवर स्टीमचा एकही गेम न घेता हिशेबाची कामे करत बसेल.